उलटा कप

पहिल्याच भेटीत मी त्याच्या अंगावर चहा ओतला. रागाने नाही हो, सवयीने!

ऑक्टोबरातली ओली सकाळ होती. स्टोक स्टेशनच्या कॅफेत काचेवरून पावसाचे ओघळ चालले होते आणि माझी गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. समोर कप आला, पातळ, निळ्या काठाचा, आणि माझे हात शिवशिवायला लागले. स्टोक म्हणजे इंग्लंडातलं कपबश्या घडवणारं गाव; आम्हा स्टोकच्या माणसांपुढे कप आला की तो उलटा करून बुडाचा शिक्का बघितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. आपल्या गावचा की परका, एवढं कळलं की झालं. लग्नात बघतो, मयताच्या चहालाही बघतो. मी कप उचलला आणि उलटा केला. आत चहा होता, हे सपशेल विसरून.

चहा टेबलावरून वाहत थेट समोरच्या पांढऱ्या शर्टावर गेला.

"अगं बाई! सॉरी... खूप भाजलं का?"

त्याने शर्टाकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या कपाच्या बुडाकडे. काळेभोर डोळे, आणि त्यात राग शोधूनही सापडेना.

"कुठला आहे?" त्याने विचारलं.

"काय?"

"कप. एवढा चहा सांडलात, निदान शिक्का तरी वाचून सांगा."

मी वाचला. "पोर्तुगाल," मी ओशाळून म्हटलं.

तो असा खळखळून हसला की काउंटरवरची बाई वळून बघायला लागली. "म्हणजे माझ्याच देशाच्या कपातून माझ्यावर चहा! मी दुआर्ते. तासाभरात माझी मुलाखत आहे. टॉलबॉय पॉटरीत. भट्टीच्या कामासाठी."

माझा चेहरा पडला. टॉलबॉय पॉटरीत कपांना सोनेरी काठ ओढणारी नेल टॅम्स म्हणजे मीच की! माझा हिरवा स्कार्फ मी त्याच्या छातीवरच्या डागावर गुंडाळून दिला आणि शपथ घेतली, "आजपासून मी कुठलाही कप उलटा करणार नाही. भरलेला नाही, रिकामाही नाही."

"स्टोकची मुलगी?" तो डोळे बारीक करत म्हणाला. "आठवडाभर नाही टिकायची."

"बघाच!"

हिरव्या स्कार्फातच त्याला नोकरी मिळाली. स्कार्फ त्याने परत दिला नाही आणि मी मागितला नाही.

तो हिवाळा कसा गेला, कळलंच नाही. भट्टीच्या खोलीत ऊब असते, म्हणून मी गार बोटं शेकायला तिथे जायची... असं मी सगळ्यांना सांगायची. दुआर्ते भट्टीचं दार लावता लावता त्याच्या गावाबद्दल बोलायचा. तेही मातीच्या भांड्यांचं गाव, तिथेही धुराड्यांच्या सावलीत पोरं वाढतात. आमच्याकडे सगळे एकमेकांना 'बदका' म्हणतात, याचं मात्र त्याला भारी नवल.

"मालक मला बदक म्हणाले. बस ड्रायव्हर म्हणाला. काल पोलीसही म्हणाला! मी चालतो तसा का?"

"लाडाने म्हणतात, बदका."

"आत्ता तू म्हणालीस तेही लाडाने?"

मी बोटं शेकत राहिले. गाल आधीच शेकले होते.

तेवढ्यात मार्च आला आणि सगळ्या देशाचं डोकं फिरलं. एकोणतीस मार्चला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार, हे दोन वर्षं घोकून घोकून पाठ झालं होतं. आमचे मालक क्लाइव्ह यांनी त्या तारखेचे कप छापून ठेवले होते. आणि आठवडाभर आधी लंडनहून बातमी आली, तारीख पुढे ढकलली! क्लाइव्हनी एकेक कप अंगणात फोडला. ते बाहेर पडायच्या बाजूचे, आमचे हिशेबनीस आत राहायच्या बाजूचे, पण त्या दिवशी दोघांनी मिळून फोडले.

"यापुढे तारखेची जागा मोकळी ठेवायची," क्लाइव्ह म्हणाले. "त्या शहाण्यांचं ठरलं की नेल हाताने लिहील."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोकळ्या तारखेचा पहिला कप भट्टीतून निघाला. 'ब्रिटन बाहेर पडलं, तारीख...' आणि पुढे नुसता पांढरा कोरेपणा. दुआर्तेने तो माझ्या टेबलावर आणून ठेवला, दोन्ही हातांनी, जपून. कान लाल झाले होते. भट्टीची धग असेल, मला वाटलं.

"हा तुझा. रोज यातच चहा घ्यायचा."

दुसऱ्या दिवशी तो दारातच उभा. "बघितलास?"

"बघितला की."

"मग... काय म्हणतेस?"

मी कोऱ्या जागेकडे पाहून उसासा टाकला. "आत्ताच काय म्हणणार? त्यांची तारीख ठरू दे, मग सांगते."

त्याने खाली पाहिलं. "बरं. मी थांबेन."

आणि तो थांबला. बारा एप्रिल गेली. तारीख ऑक्टोबरअखेर गेली. कँटीनमधल्या टीव्हीवर पार्लमेंटचं रोज तेच. ठराव आला, ठराव पडला. अध्यक्ष ओरडले, खासदार हसले. आमची ओटकेकची, म्हणजे ओटच्या धिरड्यांची, न्याहारी गार होऊन जायची. माझी पर्लआत्या, म्हणजे वडिलांची बहीण, ते कँटीन चालवते. सगळ्यांचा चहा तीच ओतते आणि कपही तीच धुते. ती झारा आपटून म्हणायची, "अरे, जा तरी नाहीतर राहा तरी! पण काय ते एकदा बोला!"

"अगदी बरोबर," मी कप तोंडाला लावत म्हणायची.

समोर बसणारी हिल्डा, चाळीस वर्षं फुलं रंगवणारी, माझ्याकडे बघून मान हलवायची. "माणसाच्या सहनशक्तीला काही अंत असतो, बदका."

"मलाच सांगतेस का, हिल्डा!"

सगळं कँटीन त्या दिवसांत वैतागलेलं असायचं. पण मी कप उचलला की वैताग जरा जास्तच वाढतो, असं मला उगाच वाटायचं. मी ते मनावर घेतलं नाही.

मनात दुसरंच होतं. दुआर्ते गप्प गप्प होत चालला होता. मी भट्टीत गेले की जागा करून द्यायचा, हसायचा, पण बदकाची थट्टा बंद. माझा जीव तुटायचा. मी त्याच्या प्रेमात पडले होते, हे एव्हाना भट्टीतल्या विटांनाही माहीत असेल. पण त्याने कधी काही विचारलंच नाही! मग मी आपणहून कसं सांगणार?

ऑक्टोबरच्या मध्यावर तो म्हणाला, "माझ्या चुलत्यांचा कारखाना आहे गावी. त्यांना माणूस हवाय. महिनाअखेर कळवायचंय."

"आणि तू?"

"मी वाट बघतोय, नेल. सात महिने होत आले. उत्तरच येत नाही."

मला वाटलं, तो पार्लमेंटबद्दलच बोलतोय. दुसरं कुणाचं उत्तर यायचं होतं? मी तावातावाने म्हणाले, "उत्तर द्यायचंच नाहीये! तोंडावर नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून ढकलायचं पुढे. कळत कसं नाही तुला?"

तो पांढराफटक पडला. "असं... आहे?"

"असंच आहे."

"बरं झालं सांगितलंस," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने विमानाचं तिकीट काढलं.

अठ्ठावीस ऑक्टोबर, सोमवार. त्याचा शेवटचा दिवस. पर्लआत्याने निरोपाचा चहा ठेवला होता. दुआर्ते माझ्या शेजारी बसला होता, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि गळ्यात माझा हिरवा स्कार्फ. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी टीव्हीकडे बघत राहिले आणि तेवढ्यात पडद्यावर बातमी आली. आणखी तीन महिने मुदत. तारीख पुन्हा पुढे!

सगळं कँटीन एका सुरात कण्हलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. याच लोकांपायी माझं माणूस चाललं होतं. मी उभी राहून पडद्यावर ओरडले, "किती दिवस ताटकळत ठेवणार लोकांना? जनाची नाही तर मनाची तरी लाज?"

कुणीतरी टीव्हीच बंद केला. सगळे माझ्याकडे वळले.

"तुला आहे का?" पर्लआत्याने विचारलं.

"मला? मी काय केलं?"

"काय केलं म्हणते! सोन्यासारखा मुलगा सात महिने टांगून ठेवलास. मी बाहेर पडायला मत दिलं होतं, नेल, पण *त्याने* बाहेर पडावं म्हणून नाही! हो म्हण, नाहीतर नाही म्हण. लंडनवाल्यांना नावं ठेवतेस? त्यांच्या वरताण आहेस तू!"

"कशाला हो म्हणू? मला कुणी काही विचारलंय का?"

हिल्डाने चष्मा वर सरकवला. "बदका, तू रोज तो कप तोंडाला लावतेस, तेव्हा समोर बसून त्याचं बूड कोण वाचतं? आम्ही! एप्रिलपासून दिवसातून चार वेळा! तू वाचलं नाहीस असं सांगू नकोस."

मी दुआर्तेकडे वळले. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं. "तू... उलटा केलाच नाहीस?"

"शपथ घेतली होती ना! तूच म्हणालास, आठवडाभर नाही टिकायची!"

"एक वर्ष?" तो अविश्वासाने म्हणाला. "स्टोकच्या मुलीने... एक वर्ष?"

मग मात्र मी शपथ मोडली. तडक कप उचलला आणि उलटा केला.

भरलेला होता.

गरम चहाची धार त्या कडक इस्त्रीच्या शर्टावरून खाली गेली. पण मी बघत होते ते बुडावरच्या निळ्या अक्षरांकडे. झिलईखाली पक्की भाजलेली, जन्मात पुसली न जाणारी अक्षरं.

*नेल, राहू की जाऊ? — दुआर्ते*

माझे डोळे भरून आले. सात महिने! सगळ्या देशाच्या दिरंगाईला शिव्या घालत होते आणि सगळ्यात मोठी दिरंगाई रोज माझ्याच हातात होती.

"त्या दिवशी मी म्हणाले ते पार्लमेंटबद्दल," मी कशीबशी म्हणाले. "उत्तर द्यायचं नाहीये म्हणून... ते तुझ्याबद्दल नव्हतं. दुआर्ते, माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्या पहिल्या शर्टापासून."

"आणि या शर्टापासून?" तो निथळत म्हणाला.

मी धावत माझ्या टेबलाकडे गेले, कुंचला आणि पातळ केलेल्या सोन्याची वाटी घेऊन आले. कप पुसला, कोपर टेकवलं आणि सगळ्यांसमोर त्या कोऱ्या जागेत लिहिलं. वर्षभर हात इतका स्थिर पडला नव्हता. ७ डिसेंबर २०१९.

क्लाइव्ह पुढे वाकून बघायला लागले. "ही कुठली तारीख? लंडनहून कळलं का काही?"

"लंडनचा काय संबंध? माझ्या लग्नाची तारीख आहे." मी दुआर्तेकडे पाहिलं. "म्हणजे... नवऱ्या मुलाची हरकत नसेल तर."

त्याने हिरव्या स्कार्फाने डोळे पुसले, मग शर्ट, मग पुन्हा डोळे.

"आणि ही पुढे ढकलली जाणार नाही," मी बजावलं. "पण सोनं कच्चं आहे, भाजलं नाही तर पुसून जाईल. भट्टी लाव."

"आत्ता लावली तर उद्या सकाळी उघडेल," तो म्हणाला.

"मग उद्या सकाळपर्यंत तर थांबावंच लागेल."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरचं बुडाशी विचारलंयस ना? त्याचं उत्तर मी देणार आहे."

पर्लआत्याने झारा हवेत फेकला. क्लाइव्ह आणि हिशेबनीस, तीन वर्षं एकमेकांशी धड न बोललेले, गळ्यात गळे घालून नाचले. विमान बुधवारी त्याच्याशिवाय उडालं.

सात डिसेंबरला पाऊस पडला, वारा सुटला, रजिस्ट्रारच्या कचेरीसमोर त्याच्या आईची छत्री उलटी झाली. पण तारीख जागची हलली नाही! तसूभर नाही. ब्रिटन अजून आतच होतं, बाहेर पडायचं होतं, नक्की कधी ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी कुणी विचारलंही नाही. कँटीनमध्ये ओटकेकची चळत लागली, त्याच्या आईने आणलेली बदामाची मिठाई वाटली गेली. क्लाइव्हनी उरलेले सगळे कोरे कप आम्हाला आहेरात दिले होते. त्यांवर मी रात्रंदिवस बसून आमची तारीख सोन्याने लिहिली होती. आणि बुडाशीही थोडं काम केलं होतं, तेवढं मात्र कुणाला कळू दिलं नव्हतं.

पर्लआत्याने चहा ओतला. सगळ्यांनी आमच्या नावाने कप उंचावले आणि आधी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकले. तेवढं शहाणपण एव्हाना गावाला आलं होतं.

मग, न सांगता, न ठरवता, स्टोकच्या साठ माणसांनी एकदम आपापला कप उलटा केला.

प्रत्येक बुडाशी एकच शब्द होता, माझ्या हातचा, पक्का भाजलेला.

*राहा.*