तेरा एक

सुमेधाबाईंनी वहीत ओळीने तेरा एक लिहिले, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांच्या मजल्यावर आता त्यांचंच बिऱ्हाड उरलं होतं. बाकी सगळे संक्रमण शिबिरात गेले होते. सोबतीला भावाची मुलगी अनुजा, ती कामावर. बाई निवृत्त गणित शिक्षिका. असली लांबलचक संख्या घेऊन, तिला कशाने पूर्ण भाग जातो ते हाताने शोधायचं, हा त्यांचा विरंगुळा.

दोन, तीन, पाच, सात... भाग जाईना. सतरापर्यंत आल्या आणि भिंतीवर आवाज झाला.

टक्.

पलीकडे रामजींची खोली. दोन महिने कुलूपबंद. तरी सेकंदाला एक, अशी संथ टकटक येत राहिली. बाईंनी सवयीने मोजलं. त्रेपन्नला ती थांबली.

सहज म्हणून त्यांनी त्रेपन्नने भागून पाहिलं. बाकी शून्य.

पेन हातातून निसटलं. भिंत पुन्हा वाजू लागली. या वेळी एकोणऐंशी. आलेल्या उत्तराला एकोणऐंशीने भागलं. शून्य!

उरले सव्वीस कोटी त्रेपन्न लाख एकाहत्तर हजार सहाशे त्रेपन्न. मोबाईलवर तपासलं. मूळ संख्या, आता हिचे आणखी तुकडे होणार नव्हते. बाईंना हायसं वाटलं... आणि तिसऱ्यांदा टकटक सुरू झाली. शंभर झाले, पाचशे झाले, थांबेचना. त्यांनी हिशेब केला. या गतीने शेवटच्या ठोक्याला आठ वर्षं पाच महिने लागणार होते.

त्या धडपडत बाहेर आल्या. रामजींच्या फुटक्या खिडकीतून ओल्या चुन्याचा वास आला. आत जमिनीवर धुळीचा थर, त्यावर एकही पाऊल नाही. आणि आता टकटक त्यांच्या स्वतःच्या खोलीतून येत होती.

संध्याकाळी अनुजा आली, तोवर बाई जिन्यातच बसून होत्या.

"आत्या, काही नाहीये गं. थांब, मी बघते."

अनुजाने भिंतीला कान लावला. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग बाजूला झाली आणि त्याच क्षणी आवाज बंद पडला.

"बघ, काहीच नाही," ती हळूच म्हणाली.

चार दिवसांत बाईंनी ती खोली सोडली. भोईवाड्याच्या नव्या जागेत भिंती गप्प होत्या. पहिल्यांदाच त्या पोटभर जेवायला बसल्या. समोर अनुजाचं ताट तसंच होतं. तिचं बोट ताटाच्या कडेवर संथपणे आपटत होतं. टक्... टक्...

"अनुजा! काय करतेस?"

तिने वर पाहिलं नाही. ओठ हलत होते.

"बोलू नकोस ना, आत्या... चुकलं की तो पहिल्यापासून मोजायला लावतो."