हौसाक्कांचं शून्य

पोट दुखतंय असं सांगून शाळा बुडवण्याची कला त्या पिढीत साफ लोप पावली होती. पोराने पोट धरलं की आई कपाटातून टोपी काढायची, त्याच्या डोक्यावर चढवायची आणि अर्ध्या मिनिटात आकडा वाचायची. शून्य आलं की दप्तर पाठीवर. मोठ्यांचीही तीच गत होती. दवाखान्यात कुणी ‘फार दुखतंय हो’ म्हणालं, तर कंपाउंडर मानसुद्धा वर न करता विचारायचा, ‘अंक किती?’ नुसत्या तोंडी दुखण्याला कुणी भीक घालत नव्हतं.

या आकड्याला वेदनांक म्हणत. तो शून्य ते दहा असे. चारच्या खाली असला तर वेदनाशामक पट्टी मिळत नसे, आजारपणाची रजा मिळत नसे, आणि खरं सांगायचं तर घरात सहानुभूतीही मिळत नसे. त्याआधीच्या काळात पट्ट्यांच्या व्यसनाने कितीतरी माणसं गेली होती आणि सोंगं काढणाऱ्यांनी डॉक्टरांना भंडावून सोडलं होतं. त्यामुळे लोकांनी हे यंत्र अगदी वाजतगाजत घरात आणलं.

ते तयार केलं डॉ. हेरंब टिकेकर यांनी. टिकेकर मूळचे भूलतज्ज्ञ, पुढे प्रकाशाच्या नादी लागले. त्यांची कल्पना सोपी होती. टॉर्चवर तळहात धरला तर बोटं लाल दिसतात, म्हणजे प्रकाश मांसातून पार होतो. तसाच डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टोपीतून कवटीच्या आत सोडायचा. मेंदूत भटकून त्यातले थोडे कण परत येतात. माणसाला दुखू लागलं की मेंदूच्या ठरावीक भागांत रक्त वाढतं, ते रक्त प्रकाश शोषून घेतं आणि परतणारे कण कमी होतात. हे कण एकेक करून मोजले की वेदना मोजली गेली.

अडचण एकच होती. कुणाची कवटी जाड, कुणाचे केस दाट, कुणाची कातडी सावळी. त्यामुळे एकाच्या मोजणीचा दुसऱ्याच्या मोजणीशी मेळ बसेना. टिकेकरांनी यावर तोड काढली. प्रत्येकाला पहिल्यांदा दहा मिनिटं शांत खोलीत बसवायचं आणि त्या वेळी जेवढा प्रकाश परत येईल, ते त्या माणसाचं शून्य धरायचं. पुढची सगळी मोजणी तिथून. याला त्यांनी नाव दिलं स्वशून्य. ते आयुष्यात एकदाच काढून आरोग्यपत्रावर नोंदवत. पुन्हा काढायला कायद्याने मनाई होती, कारण लोक आधी गोळ्या खाऊन येतील आणि शून्य खाली ओढून घेतील अशी भीती होती.

अशा या टिकेकरांच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत एका सकाळी मिरजेहून दोन बायका आल्या. एक साठी उलटलेली, दुसरी तिची सून.

‘वळखलं का सर?’ म्हातारीने विचारलं. ‘मी हौसा मगदूम. भिंगाच्या कारखान्यातली. तुमच्या पयल्या टोपीचं लोलक मीच घासून दिलं हुतं.’

टिकेकरांना आठवलं. वीस वर्षांपूर्वी ते स्वतः मिरजेला खेपा घालत होते. काचेचे इवले लोलक हाताने घासून इतके नितळ करणारी बाई त्यांना दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती. त्यांनी घाईने खुर्ची पुढे केली.

‘अक्का, तुम्ही? बसा, बसा. काय काम काढलंत?’

‘खांदा दुखतोय. मानेपासनं पार बोटापातूर. आन् आकडा काय येईना बघा.’

सून सुवर्णा संकोचून म्हणाली, ‘सर, आमी काय आत्यांचं वैरी न्हाई. चार जागी आकडा काढला, चारी जागी शून्य. आमचं मालक म्हणत्यात, आई सोंग करतीया. मी तसं म्हणत न्हाई. पण यंत्र खोटं बोलंल का? तुमीच टीव्हीवर म्हणालासा, यंत्र कुणाचं मन राखत न्हाई म्हणून.’

टिकेकर असं म्हणाले होते. त्यांना ते वाक्य आवडतही असे.

त्यांनी टोपी चढवून पाहिलं. शून्य आलं. ‘अक्का, कधीकधी मनालाही…’ असं काहीतरी ते सुरू करणार होते, पण हौसाक्कांनी हात वर केला.

‘सर, एक इचारू? पूर्वी आमी भांडं घिऊन तेलाला जायचो. वाणी आधी धडा करायचा. दुसऱ्या पारड्यात दगड टाकून रिकाम्या भांड्याचं वजन सारखं करायचं आन् मग तेल वतायचं. बरोबर?’

‘बरोबर.’

‘आन् धडा करतानाच भांड्यात पावशेर तेल असंल तर?’

‘तर ते पावशेर मोजलंच जाणार नाही,’ टिकेकर म्हणाले.

‘मग माझं शून्य काढलं तवा मला दुखत नव्हतं, हे तुमाला कुणी सांगितलं? खांदा धरून तवा अठरा वर्षं झालीती. दहा मिनिटं गप बसा म्हणालं, मी बसले. गप बसाया मला येतंय की!’

जगभरातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी टिकेकरांचा शोधनिबंध तपासला होता. पण शांत बसलेल्या माणसाला दुखत नसतं, हे सगळ्यांनीच धरून चाललं होतं. हे शास्त्रज्ञ म्हणजे खुर्चीत बसून विचार करणारी माणसं. आपल्याला दुखलं तर आपण शांत बसू शकणार नाही, याची त्यांना खात्री होती.

‘पडताळून बघता येईल,’ टिकेकर म्हणाले. ‘मी खांद्याच्या नसांना तासाभराची भूल देतो.’

‘भूल दिल्यावर कुणाचाबी आकडा बदलंल की,’ सुवर्णा म्हणाली.

‘नाही. मुळात दुखतच नसेल, तर भुलीला काढून घ्यायला काही उरत नाही. आकडा जागचा हलणार नाही.’

त्यांनी सुई दिली. वीस मिनिटं गेली. हौसाक्कांचा उजवा हात मांडीवर लुळा पडला. टोपीने पुन्हा शून्यच दाखवलं. सुवर्णाने सुस्कारा सोडला. टिकेकरांनी मात्र सहसा कुणी न उघडणारा आतला पडदा उघडला. तिथे यंत्राची कच्ची मोजणी दिसत असे. ती होती उणे सात.

उणे आकडा आला तर शून्य दाखव, ही आज्ञा त्यांनी स्वतःच यंत्रात घातली होती. मान्यता देणाऱ्या समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी. चाचणीत बारा जणांचे आकडे औषध दिल्यावर उणे गेले होते. बाराही जण अंगमेहनतीचे, त्यातल्या नऊ बायका. उणे वेदना म्हणजे काय, असं समितीने विचारलं असतं तर त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी त्या बारा नोंदी सदोष ठरवून काढून टाकल्या. शंका आली नव्हती असं नाही. शंकेच्या मागे जायला सवड नव्हती, एवढंच. आता त्यांना लाज वाटली, आणि ती लपवायला त्या खोलीत जागा नव्हती.

‘सर,’ हौसाक्का हळूच म्हणाल्या. ‘सगळ्या मानसांना असंच असतंय व्हय?’

‘असंच म्हणजे?’

‘असं… काईच नसल्यागत.’

‘हो अक्का. बहुतेकांना असंच असतं.’

‘मला वाटायचं, सगळ्यांनाच दुखतंय आन् सगळी गुमान सोसत्यात. मीच तेवढी नाजूक. लई लाज वाटायची. माझी लेक त्याच कारखान्यात हुती. हात दुखतोय म्हणून रडायची. मी म्हणायची, ऊठ, कुणाचा दुखत न्हाई?’

सुवर्णा रडू लागली. टिकेकरांना म्हणायचं होतं की चूक माझी आहे, तुमच्यापैकी कुणाचीच नाही. पण तोंडातून आलं ते असं, ‘यंत्रात थोडी तांत्रिक त्रुटी राहिली आहे.’ हे वाक्य ऐकून ते स्वतःच शरमले.

‘अक्का, माझी खात्री पटली,’ ते घाईने म्हणाले. ‘भूल उतरायच्या आत दुसरी सुई देतो. आज दुखणारच नाही.’

‘नगं.’

‘का?’

‘तुमची खात्री पटून मी काय करू? पट्टी आकड्यावर मिळतीया. घरात पोरगा आकडा बघतोय. तुमचं ते उणे सात त्यांच्या कागदावर चालतंय का?’

ते चालत नव्हतं. कागदावर शून्य ते दहा एवढेच रकाने होते. मार्ग एकच होता. यंत्राच्या जनकाला चाचणीसाठी एखाद्याचं स्वशून्य बदलून आरोग्यपत्रावर नोंदवायचा अधिकार होता. आत्ता, हात बधिर असताना, नवं शून्य काढायचं आणि भूल उतरेपर्यंत वाट बघायची.

हौसाक्का पुन्हा दहा मिनिटं शांत बसल्या. या खेपेला त्या खरोखरच शांत होत्या. मग तिघं पडद्यासमोर बसून राहिली. चहा आला, निवला. पाऊण तासाने आकडा एकवर गेला.

‘यायलाय,’ हौसाक्का म्हणाल्या आणि खुर्चीत पुढे सरकल्या. एसटी दिसल्यावर माणूस पिशवी उचलतो, तशा.

दोन झाले, तीन झाले. तीनवर आकडा अडला आणि बराच वेळ हलेना. चार लागत होते.

‘खांदा जरा हलवून बघू का?’ हौसाक्कांनी विचारलं.

टिकेकर डॉक्टर होते. त्यांनी नको म्हणायला हवं होतं. पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, ‘बघा.’

हौसाक्कांनी खांदा हलवला. चार. मग पाच, मग थेट सात.

‘आला!’ टिकेकर ओरडले. ‘अक्का, आला आकडा!’ त्यांनी टेबलावर मूठ आपटली. इतका आनंद त्यांना यंत्राला मान्यता मिळाली त्या दिवशीही झाला नव्हता.

त्यांनी वळून पाहिलं. सुवर्णा सासूच्या कपाळावरचा घाम पदराने टिपत होती आणि त्यांच्याकडे बघत होती. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की सकाळपासून आपण अक्कांच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलेलं नाही.