लाल नेलपॉलिशचा ठिपका

मी जात्याच भित्री. अशा बाईने जपानातून आलेली सतरा वर्षांची जुनी गाडी घ्यावी, म्हणजे विकतचं दुखणंच म्हणायचं. सकाळी किल्ली फिरवली की गाडीतल्या यंत्रातली बाई जपानीत काहीतरी बोलायची, आणि मला रोज वाटायचं, आज ही वाईट बातमी देतेय.

मंगळवारी दुपारी आमच्या म्बाले गावाच्या भर बाजारात बॉनेटमधून भसाभसा वाफ निघायला लागली. मी गाडी तिथेच सोडली आणि आधी लांब पळाले. समोरच्या निलगिरीखाली एक गॅरेज होतं. तिथून एक उंच माणूस हात पुसत आला. त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टीचर, काही फुटणार नाही. या जवळ."

"मी टीचर आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बाहीला खडू लागलाय."

मी बाही झटकली. तो हसला... अगदी थोडंसं, डोळ्यांतच. इंजिन निवेपर्यंत त्याने झाकणाला हात लावला नाही. मग आत बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट कुणी काढला?"

"आधीच्या मेकॅनिकने. आपल्या गरम देशात लागत नाही म्हणाला."

"सगळे हेच म्हणतात. आणि रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी ओतताय, हो ना?"

माझ्या वर्गातली पोरं गृहपाठ न करता उभी राहतात, तशी उभी राहिले.

त्याचं नाव गिदुदू. मी त्याला सगळं सांगून टाकलं. माझी धाकटी बहीण खाइन्झा वर बुदुदाच्या डोंगरात राहते. तिला नववा महिना लागलाय आणि बाळ आडवं आहे. डॉक्टरांनी शुक्रवारी ऑपरेशन सांगितलंय, म्हणजे गुरुवारी मला तिला खाली आणायलाच हवं. पाऊस पडून गेल्यावर त्या रस्त्याला दुसरी गाडी कुणी घालत नाही. वाटेत गाडी बंद पडली तर काय, हाच विचार आठवडाभर डोक्यात होता.

"उद्या दिवसभर द्या मला," तो म्हणाला.

आमच्याकडे गाडी गॅरेजात टाकून कुणी घरी जात नाही. पाठ फिरली की तुमचा चांगला भाग काढून दुसऱ्याच्या गाडीत बसवतात आणि त्याचं भंगार तुमच्यात. म्हणून मालक दिवसभर शेजारी बसून पहारा देतो. मी तर एक पाऊल पुढे. बुधवारी पहाटेच बॅटरीपासून रेडिएटरच्या झाकणापर्यंत सगळ्यावर लाल नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले.

गिदुदूने बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवले.

"गाडीला गोवर आलाय का?"

"माझ्या वस्तू मला ओळखता याव्यात म्हणून केलंय."

"म्हणजे मी चोर."

"असं कुठे म्हटलं मी?"

"म्हटलं नाहीत, रंगवलंत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी पहाऱ्याला बसले होते त्या खोक्यावरून मी उठले नाही. त्याने नवा थर्मोस्टॅट बसवला, पाणी काढून कूलंट भरलं, झिजलेले ब्रेकचे पॅड बदलले. दुपारी त्याने आपला डबा माझ्यापुढे सरकवला. शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेले बांबूचे कोंब, त्याच्या आईच्या हातचे. पहारा द्यायचा होता गाडीवर, आणि नजर सारखी त्याच्या मनगटांवर जात होती... स्वतःचाच राग आला मला.

"टीचर, इंजिन इकडे आहे," तो मान वर न करता म्हणाला.

संध्याकाळी फक्त दहा मिनिटं उठले. कोपऱ्यावरून अंडं घातलेल्या दोन चपात्या आणायला. एक माझी, एक त्याची.

गुरुवारी सकाळी सहाला निघाले. घाट चढताना टेंपरेचरच्या काट्यावरून डोळा काढला नाही. गाडी चढली, पण वर पोचले तर खाइन्झा अंगणात भिंतीला धरून उभी होती. पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या.

"ताई, मला नाही वाटत उद्यापर्यंत..." तिला पुढे बोलवेना.

शेजारणी तिला मागच्या सीटवर निजवत होत्या तेव्हा मी बॉनेट उघडलं. वर पोचल्यावर एकदा बघा, असं गिदुदूनेच बजावलं होतं. बॅटरीवर ठिपका होता, सगळ्यांवर होता. रेडिएटरच्या झाकणावर नव्हता. ते झाकण माझं नव्हतंच.

दहा मिनिटं. चपात्या आणायला गेले तेवढ्यात त्याने डाव साधला होता. आणि मी वेडी त्याच्यासाठी चपातीत जास्तीचा कांदा घालून आणला होता. डोळ्यांत पाणी आलं. पण मागून खाइन्झा कण्हली, आणि रडायलाही वेळ नव्हता.

उतार सुरू झाला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, त्यानेच सांगितल्याप्रमाणे. एका बाजूला ओली लाल दरड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आता काटा चढेल, आता वाफ येईल... मी देवाला काय काय कबूल केलं, ते मला आठवतही नाही. काटा मात्र मध्यावरच होता. तो हलेना, याचीसुद्धा भीती वाटायला लागली.

पुलाच्या अलीकडच्या वळणावर एक जुनी व्हॅन उभी होती. बॉनेट उघडं, वाफेचा लोट. शेजारी गिदुदू. त्याच्या हातात, फडक्यात धरलेलं, रेडिएटरचं झाकण. त्यावर लाल ठिपका.

मी करकचून ब्रेक लावला. ब्रेक लागला.

"माझं झाकण तुमच्या गाडीत कसं?"

"त्याचं रबर फाटलं होतं. या चढाला तुम्हाला दगा दिला असता. काल दुकानं बंद झाली होती, म्हणून माझ्या व्हॅनचं चांगलं होतं ते तुम्हाला बसवलं."

"मग सांगायचं ना."

"कुणाचं तरी जुनं गळ्यात मारतोय, असं वाटलं असतं तुम्हाला. रात्रभर झोपला नसतात."

"आणि इथे कशाला आलात?"

त्याने हातातलं झाकण फडक्याने पुसलं. मग हळूच म्हणाला, "तुम्ही अडकलात तर... म्हणून मागोमाग निघालो. अडकलो मीच."

"ताई," मागून खाइन्झा दात-ओठ खात म्हणाली, "याला आत घे नाहीतर इथेच सोड. माझं बाळ तुमच्या गप्पांसाठी थांबणार नाही."

तो मागे तिच्या उशाशी बसला. खाइन्झाने सगळा रस्ताभर त्याचा हात पिळून काढला, आणि तो फक्त मला सांगत राहिला, "हळू. आता सोडा. आता थोडा ब्रेक. छान."

पोचताक्षणीच तिला ऑपरेशनसाठी आत नेलं. आम्ही इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून राहिलो. दार वाजलं की दोघंही उभे राहायचो. दुपारी नर्स बाहेर आली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. मी मटकन बाकावर बसले.

"घाबरला होतात?" मी विचारलं.

"खूप. पण वाफेला नाही."

"मग?"

"गाडी नीट झाली. आता तुम्ही त्या खोक्यावर बसायला कशाला याल... याला घाबरलो." तो जमिनीकडे बघत होता.

मी पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली. त्याचा हात ओढून घेतला, ग्रीस लागलेल्या अंगठ्याच्या नखावर एक लाल ठिपका दिला.

"हे कशाला?"

"तुला माहितीय आपलं गाव. पाठ फिरली की चांगली वस्तू बदलून टाकतात."

नेलपॉलिश कधीच वाळलं, पण हात त्याने काढून घेतला नाही आणि मी सोडला नाही.