लुचियाबाईंची बाटली

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पंचशीलाचं भूजलाचं ऑफिस अजून भाड्याच्या खोल्यांत होतं. त्या साली पावसानं दगा दिला. निलंग्याच्या बाजूच्या एका वाडीत तिनं बोअरसाठी दाखवलेल्या दोन जागा कोरड्या गेल्या होत्या. तिसरीही गेली असती, तर माणसं गाव सोडणार होती. त्या दिवशी तिसरीला पाणी लागलं. बायका लुगड्यांसकट धारेखाली उभ्या राहिल्या, आणि पंचशीला जीपच्या टपाला टेकून रडली.

घरी येऊन तिनं कपाटातली बाटली काढली. तरुणपणी ती इटलीत प्रशिक्षणाला गेली होती, तेव्हा घरमालकीण लुचियाबाईंनी निघताना आपल्या दगडी तळघरातली ही जुनी बारोलो वाइन हातात दिली होती. म्हणाल्या होत्या, चांगल्या दिवशी आपल्या माणसांत उघड. लुचियाबाई गेल्या, त्यालाही आता वर्ष होऊन गेलं होतं.

"नाव पंचशीला, अन् दारू ओतायलीस!" नवरा ग्यानोबा हसला. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा.

तळाचा गाळ हलू न देता तिनं ती सावकाश ग्लासांत ओतली. कडेला जुन्या विटेचा रंग. आधी वाळलेल्या गुलाबाचा वास आला, मग डांबराचा, मग कातड्याचा. घोट जांभळासारखा तुरट लागला, पण जिभेवर मऊ होत गेला आणि गिळल्यावरही कितीतरी वेळ रेंगाळला. दोघं घोट घोट पीत राहिले. जसजशी हवा लागली, तसतशी ती खुलत गेली.

मग ओल्या दगडाचा वास आला.

"नळ आला काय?" ग्यानोबानं विचारलं.

नळ आठवडाभर आला नव्हता.

पंचशीलाच्या सासूबाई कोंडाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "म्या शील घेतलंय, पिणार न्हाई. नुसता वास घिती." त्यांनी ग्लास नाकाशी धरून डोळे मिटले.

"लई गार हाय गं हितं."

"कुठं, आत्याबाई?"

"दगडी पायऱ्या हायत, खाली जायाला. अन् धुकं." कोंडाबाई नांदेडच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या. "एक म्हातारी हाय. डाव्या पायानं लंगडती."

लुचियाबाईंचा डावा पाय अधू होता, हे पंचशीलानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"काय म्हणते ती?"

"काई न्हाई. हसायली. माझा हात धरलाय तिनं. लई मायाळू हाय."

कोंडाबाईंनी डोळे उघडले, जांभई दिली आणि दिवेलागणीलाच आतल्या खोलीत जाऊन पडल्या.

पंचशीला मागून पांघरूण घेऊन गेली. सासूबाई गाढ झोपल्या होत्या, चेहरा समाधानी. केसांवर बारीक थेंब होते. तिनं बोट लावलं. थंड.

झोपेतच कोंडाबाई भिंतीकडं सरकल्या, कुणाला जागा करून द्यावी तशा.

रिकाम्या बाजूची गादी हळूच दबली.