यादीत नसलेले शब्द

“शब्द बरोबर आहेत हो. माणूस चुकीचा आहे,” कोडेकार म्हणाला आणि त्यानं चार कागद टेबलावर पसरले.

तो एका वर्तमानपत्रात इंग्रजी शब्दांचं कोडं चालवायचा. दर आठवड्याला चार अक्षरं छापायची. ती चारही ज्यात येतात असे शब्द वाचकांनी शोधून पाठवायचे. एक निवृत्त टायपिस्टबाई अकरा वर्षं न चुकता यादी पाठवत होत्या. दोघांची भेट कधीच झाली नव्हती.

“त्यांच्या मशीनचं ‘पी’ अक्षर मोडलंय. तिथं जागा सोडून त्या पेनानं ‘पी’ भरतात. सहीही शाईची. महिनाभर मात्र सहीसुद्धा टाइप केलेली! या वेळी अक्षरं होती एल, ओ, एन, ई. टेलिफोन नाही, एन्व्हलप नाही. बाई हे शब्द विसरतील? त्यांच्या नावानं दुसरंच कुणीतरी लिहितंय. मग त्या कुठं आहेत?”

वहिनींनी चष्मा पुसला. खासगी तपासाचं काम त्या वीस वर्षं करत होत्या. शेजारी बसलेले भावोजी त्यांचे धाकटे दीर. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्यांना वहिनींच्या मागे फिरण्यावाचून उद्योग नव्हता. दोघं एकाच इमारतीत, वेगवेगळ्या मजल्यांवर, एकेकटे राहत.

भावोजींनी यादी वाचली आणि ते ताडकन उठले. “लोनलिनेस, व्हायोलन्स, वूलन, स्टोलन... वहिनी, मारहाण, चोरी! बाई आपल्याला खुणावताहेत!”

“पुढं मेलनही आहे, भावोजी. खरबूज फेकून मारलं का त्यांना?”

भावोजी खाली बसले.

बाईंचं दार बंद होतं. आतून हूं की चूं नाही. आधी वहिनी-भावोजींनी वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला गाठलं.

“बाईंचं मशीन वाजतं ना,” तो म्हणाला. “पण पूर्वी कसं, सरसर वाजायचं. आता टक्... टक्. नवशिक्या बसल्यासारखा.”

“म्हणजे तोतया!” भावोजी कुजबुजले.

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं हातातलं काम सोडलं नाही. “सामान मी दाराशी ठेवतो. पाकीट फटीतून बाहेर येतं, ते टपालपेटीत टाकतो. बाई आतूनच बोलतात. हल्ली लहरी झाल्यात. पाव कापूनच हवा, बरण्यांची झाकणं सैल करून हवीत.”

“आवाज त्यांचाच?”

“त्यांचाच. जरा जड येतो.”

राहिला भाचा. तो बाईंचा एकुलता एक नातलग. निरोप मिळताच तो आला, पण घुश्शात.

“किल्ली आहे माझ्याकडे, पण आतून कडी असते. मावशी म्हणते सर्दी झालीय, येऊ नकोस. गेल्या वर्षी ती पडली, तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा काही झालं तर सरळ वृद्धाश्रमात ठेवीन. तेव्हापासून धड बोलत नाही.”

भावोजींनी वहिनींकडे सूचक पाहिलं. खोली बळकावायला निघालेला भाचा! त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

वहिनींनी सगळ्यांना बाईंच्या दारापुढं जिन्यात उभं केलं.

“तोतया कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. “‘पी’ची जागा रिकामी दिसली, तर धडधाकट माणूस ती पेनानं भरून टाकील. कोडेकार, तुमच्या बाईंनी ‘पी’ असलेले शब्दच टाळले. सहीही टाळली. म्हणजे पेन धरता येत नाही. ठीक, हस्ताक्षर ओळखलं जाईल म्हणून तोतयाही पेन टाळील. पण मग पाव कापून कुणाला हवा? झाकण सैल कुणाला हवं? ज्याचा एकच हात चालतो त्याला. मशीन टक् टक् वाजतं, ते एका हातानं. आवाज जड येतो, तो सर्दीनं नव्हे. शब्द मात्र नेहमीसारखेच, लांबापासून आखूडाकडे, एकही चूक नाही. डोकं शाबूत आहे. महिन्यापूर्वी बाईंना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.”

“पण का?” भाच्याचा चेहरा उतरला होता.

“ते तुम्हीच मघाशी सांगितलंत.”

मग आतून कडी सरकली. फार वेळ लागला तिला.

बाई उभ्या होत्या, केस विंचरायचे राहिलेले, उजवा हात लोंबता. त्यांनी कोडेकाराला चेहऱ्यावरून ओळखलं नसतं. त्याच्या हातातले आपले कागद पाहून ओळखलं.

“कळवायचं तरी, बाई,” तो कसाबसा म्हणाला.

“कळवलं असतं,” एकेक शब्द ओढत त्या म्हणाल्या, “तर तुम्ही यादीची वाट बघणं सोडलं असतं. दुसरं कुणी बघत नाही.”

भाचा उंबऱ्यातच खाली बसला आणि हमसून रडला. त्याच दुपारी त्यानं डॉक्टरांना आणलं. हात पूर्ववत व्हायचा नाही, उशीर झाला, पण बोलणं सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. आश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही. भाचा अंथरूण घेऊन राहायला आला.

वहिनी आणि भावोजी आपल्या इमारतीत परतले. आपला मजला आला तरी भावोजी थांबले नाहीत, वहिनींच्या मागे चढत राहिले.

“काय हो, काही हवंय?” वहिनींनी विचारलं.

“नाही,” भावोजी म्हणाले. “थोडा वेळ बसतो.”

वहिनींनी दार उघडलं आणि दुसरी खुर्ची भिंतीपासून पुढं ओढली.