गच्चीवरचा गुलाबी नळ

“मी नळ बंद केला होता! शप्पथ!” दीक्षा ओरडली.

“मग काय आपोआप उघडला?” सेक्रेटरी नंदकुमारकाकांनी भिजून लिबलिबीत झालेली कुरडई दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. गच्चीवर घोटाभर पाणी साचलं होतं आणि मुक्ताबाई आजींच्या तीन दिवसांच्या मेहनतीचा त्यात पार लगदा झाला होता. “आठवड्यात तिसऱ्यांदा! अजून एकदा असं झालं, तर गच्चीची किल्ली माझ्याकडे आणि मुलांची बाग बंद!”

दीक्षाने कुंड्यांकडे पाहिलं. तळवलीतल्या त्यांच्या सोसायटीत गच्चीवर बाग करायची, ही सुट्टीतली कल्पना तिचीच. बारा कुंड्या, आणि टोमॅटोला कालच पहिलं फूल आलेलं! रोज सकाळी पाणी घालायचं कामही तिच्याकडे. पण बारा वर्षांच्या दीक्षाला एडीएचडी आहे, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं लक्ष चिमणीसारखं इथून तिथे उडायचं आणि मनात आलेलं वाक्य ओठांवर थांबायला तयारच नसायचं. त्यामुळे काही बिघडलं, की सगळ्यांच्या माना आधी तिच्याकडे वळत.

“गोजरामावशींनी उघडला असेल! जिना त्याच धुतात!” ती आत्ताही बोलून गेली.

गोजरामावशींच्या हातातला झाडू थांबला. “म्या गच्चीवर पाऊलबी टाकत न्हाय, पोरी,” एवढंच म्हणून त्या खाली निघून गेल्या. दीक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने जिन्यात बसून ती बागेतल्या तिच्या सोबत्यांना, रोहन आणि मनस्वीला, म्हणाली, “पंपवाले पोपटदादा असतील. नाहीतर तो गच्चीवर कुत्रा फिरवणारा. नाहीतर...” ती अडखळली. “नाहीतर मीच. यार, बंद केल्याचं मला खरंच आठवत नाहीये!”

दुसऱ्यावर संशय घेणं सोपं असतं. स्वतःवरच आला, की जेवण जात नाही.

“मग यादीत तूपण,” मनस्वी शांतपणे म्हणाली. “उद्या तू नळ बंद कर, आम्ही बघतो. मग त्याला खोबरेल आणि गुलाबी रांगोळी फासायची. जो नळ उघडेल, त्याचा हात गुलाबी!”

“भारी!” रोहनने टाळी दिली. “पण दीक्षा, एक अट. कुणाचाही हात गुलाबी दिसला, तरी लगेच बोंबलायचं नाही. मी मूठ आवळली, की थांब. मूठ उघडली, की बोल.”

“आणि मी विसरले तर?”

“मी परत दाखवीन. त्यात काय टेन्शन!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाने नळ बंद केला. रोहनने खाली वाकून पाहिलं. मनस्वीने पुन्हा पिळून पाहिलं. थेंबही नाही! मग तिघांनी रांगोळी फासली आणि किल्ली गच्चीच्या दाराजवळच्या नेहमीच्या खिळ्याला अडकवून दिली.

उन्हाळ्यामुळे सोसायटीचं पाणी दुपारी बारा ते पाच बंद असे. पाचला पोपटदादांनी ते सोडलं आणि पंधराव्या मिनिटाला गच्चीतून जिन्यावर ओघळ आले!

“झालं! पुन्हा!” नंदकुमारकाका धापा टाकत वर आले. मागोमाग सगळी सोसायटी. “आता माझं ऐका! बाग बंद!” ते हातवारे करत होते. उजवा तळवा गुलाबी, आणि नाकाच्या शेंड्यावरही गुलाबी ठिपका!

“का—” दीक्षाने तोंड उघडलं.

रोहनची मूठ!

तिने ओठ घट्ट मिटले. काका बोलतच होते. तिने चपलेत अंगठा वरखाली केला, काकांच्या शर्टाची बटणं मोजली. सहा. पुन्हा मोजली. आणि तशी थांबली, म्हणूनच तिला कठड्यावरचं भांडं दिसलं. पक्ष्यांसाठी ठेवलेलं, काठावर गुलाबी बोटं उमटलेलं आणि आतून कोरडं ठणठणीत! म्हणजे काका काही लबाडी करत नव्हते तर!

काका दम घ्यायला थांबले. रोहनने मूठ उघडली.

“काका,” दीक्षा हळूच म्हणाली, “तुम्ही मघाशी पक्ष्यांना पाणी ठेवायला आला होतात ना?”

“हो, साडेचारला. अधूनमधून येतो. पण नळाला पाणीच नव्हतं, म्हणून तसाच...” काकांनी आपला तळवा पाहिला, मग नळाकडे पाहिलं. “तसाच उघडा टाकून गेलो! अरे देवा! म्हणजे चारही वेळा मीच?”

“म्हणजे माझ्या कुरडया तू बुडवल्यास, नंद्या!” मुक्ताबाई आजी कडाडल्या आणि गच्चीवर हशा पिकला.

दीक्षा मात्र हसली नाही. गर्दीतून वाट काढत ती गोजरामावशींपाशी गेली. “मावशी, काल मी उगाच तुमचं नाव घेतलं. चुकलं माझं.”

“लय जोरात पळतं तुजं तोंड,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “पर आज थांबलं. म्या बघितलं.”

काकांनी खिळ्यावरची किल्ली काढली. “दीक्षा, मी तुला चारचौघांत बोललो, आणि तू मला चोर न म्हणता साधं विचारलंस. शाब्बास! माझं चुकलं. ही किल्ली आता तुझी.”

दीक्षाने हात पुढे केला आणि मागे घेतला. “मनस्वीकडे द्या, काका. मी हरवीन. पाणी मात्र मीच घालणार!”

“बरं. आणि हा रोहन मघापासून मूठ काय आवळत होता?”

रोहनने सगळं सांगितलं. काकांनी आपल्या गुलाबी तळव्याकडे पाहिलं आणि ते ओशाळून म्हणाले, “मग मलापण दाखवत जा रे. या नळापाशी.”