कुमारीचा मुकुट

केझिया लव्हडे हातमोजे शिवायची. इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या त्या खेड्यात निम्म्या बायकांचा तोच धंदा, पण केझियाचा टाका शोधूनही सापडत नसे. आता तिचं लग्न ठरलं होतं, छपरं शाकारणाऱ्या अँब्रोजशी, आणि बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. का असावेत? वर्षानुवर्षं मनातल्या मनात झुरली होती बिचारी.

अँब्रोज आधी थर्झाचा होता. थर्झा लग्नाच्या तोंडावर तापात गेली. कुमारिका गेली की इथे पांढऱ्या कागदी फुलांचा मुकुट करतात, त्याला कागदी हातमोजे बांधतात आणि तो चर्चच्या छताला टांगतात. तो आपण होऊन गळून पडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. हातमोज्यांचं माप मात्र गेलेल्या मुलीच्याच हाताचं घ्यायचं.

ते काम केझियाकडे आलं होतं. ज्या हाताने अँब्रोजचा हात धरला, तो हात तिला हातात घेववेना. तिने दार लावून घेतलं, कागदावर आपलाच डावा पंजा ठेवला आणि त्या मापाने कागद कातरला. कोणाला कळणार होतं?

लग्नाआधी ओळीने तीन रविवार चर्चमध्ये त्याचा पुकारा करतात. पहिला पुकारा झाला त्या रविवारी पाद्रीबाबांनी विचारलं, "कोणाची हरकत असेल तर आत्ताच बोला." कोणी खोकलंसुद्धा नाही. दारं-खिडक्या बंद होत्या, तरी वर टांगलेला थर्झाचा मुकुट सावकाश अर्धा फिरला.

"वर काय बघतेस गं?" मर्सीआत्याने कोपर मारलं. "नवरा खाली बसलाय तुझा!"

मागच्या बाकावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. केझियाही हसली. घरी चहाचा पेला तिने डाव्या हातात धरला, तर त्याची धग लागेना.

त्याच आठवड्यात शिवताना सुई बोटाच्या टोकात खोल गेली. दुखलं नाही. रक्तही आलं नाही. हातमोज्याचं पांढरं कातडं डागाळलं नाही, म्हणून तिला उलट बरंच वाटलं.

दुसऱ्या पुकाऱ्याला तिने वर पाहिलं. एका कागदी हातमोज्याच्या बोटावर लाल ठिपका होता.

"आत्या, तो डाग आधीपासून आहे?"

"पाकोळ्यांनी घाण केली असेल. लग्न जवळ आलं की पोरींना काय वाट्टेल ते दिसतं बाई!"

त्या दुपारी कुंपणापाशी तिने अँब्रोजला गाठलं. "शिडी आहे ना तुझ्याकडे? तो मुकुट काढून टाक ना. माझ्यासाठी."

अँब्रोजचा चेहरा उतरला. "असं बोलू नये, केझी. तिचे हात आहेत ते. तेवढेच तर राहिलेत."

तिचे नाहीत, माझे आहेत. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सांगितलं तर हा आपलं तोंडही बघणार नाही, या धास्तीने तिने ते गिळले.

तिसरा पुकारा झाला. हरकत कोणाचीच नव्हती.

लग्नाच्या सकाळी ऊन छान पडलं होतं. अँब्रोजने तिचा डावा हात हातात घेतला आणि दचकला.

"किती गार गं!"

"घाल पटकन," ती पुटपुटली.

त्याने अंगठी बोटात सरकवली. घडी उलगडताना कागद वाजतो, तसा बारीक आवाज झाला. तो फक्त त्या दोघांनाच ऐकू आला.

तिने खाली पाहिलं. बोट रिकामं होतं.

"पडली वाटतं," अँब्रोज म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला. पाद्रीबाबा वाकले. मर्सीआत्या कुरकुरत बाकाखाली शिरली. जमीन दगडी होती, पण अंगठी पडल्याचा आवाज कोणीच ऐकला नव्हता.

सगळे खाली शोधत होते. केझिया एकटीच वर बघत होती.

कागदाचा तो हलका मुकुट लाल ठिपक्याच्या हातमोज्याकडे कलला होता.